भारी पानांचा हिशेब : प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२६, जळगाव

जुना लॅपटॉप विकायला काढला, म्हणून आतलं सामान चाळत होतो. 'डाव' नावाचा फोल्डर सापडला. ऑनलाइन पोकरच्या हँड हिस्टरीच्या, म्हणजे डावागणिक नोंदींच्या, फाइली, २०२३च्या पावसाळ्यापासून २०२५च्या ऑगस्टपर्यंतच्या. ऑगस्टात का थांबल्या ते उघड आहे. २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपमध्ये टेबलांची यादी गायब, फक्त पैसे काढून घ्यायचं बटण उरलेलं. काढून घेतले. त्यानंतर एकही डाव नाही आणि खेळायचं मनातही नाही.

पण एक काटा सलत राहिला होता. दोन वर्षं माझी तक्रार एकच: पानं भारी येतात, पैसे होत नाहीत. हरलेले डाव सगळ्यांना पाठ असतात. जिंकलेल्या डावात किती मिळायला हवे होते, ते कोणी मोजत नाही. तेवढंच मोजायचं, एवढाच प्रकल्प. मुदत आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत.

टेबल सहा जणांचं, नो-लिमिट होल्डम: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर), आणि दर टप्प्याला पैसे लावायची फेरी. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम, ₹५–₹१०, बसताना ₹१,०००. ₹१०चा एक धरला, म्हणजे शंभर ब्लाइंड.

१० फेब्रुवारी

पायथनमध्ये पार्सर, म्हणजे फाइलींतून डाव वेगळे काढणारा प्रोग्राम, लिहायला घेतला. २०२४च्या मध्यात अ‍ॅपने फाइलीची मांडणी बदलली होती, त्यामुळे दोन पार्सर. रुपयाचं चिन्ह काही फाइलींत कचरा होऊन आलंय. काही डाव दोनदा उतरलेत. आज एवढंच.

१५ फेब्रुवारी

एकूण ४१,३१२ डाव हाती लागले. मोजणी बरोबर आहे का, याची सोपी परीक्षा म्हणजे एक्क्यांची जोडी. दोन पानांच्या जोड्या होतात १,३२६, त्यांत दोन एक्के येण्याचे प्रकार ६. म्हणजे २२१ डावांत एकदा. माझ्या डावांत ती साधारण १८७ वेळा यायला हवी, आली १७९ वेळा. पार्सर ठीक आहे. नशीबही ठीकच होतं म्हणायचं. रडायला कारण नाही.

'भारी' कशाला म्हणायचं, ते आधी ठरवायला हवं. नाहीतर हरलेला प्रत्येक डाव भारी वाटायला लागतो. सध्या एकच जात घेतली: हातात जोडी आणि फ्लॉपच्या तीन पानांत तिसरं तेच पान, म्हणजे सेट किंवा त्याहून वर. जोडी घेऊन फ्लॉप पाहिला १,०६८ वेळा. गणिताने त्यातल्या ११.८ टक्के वेळा लागायला हवा, म्हणजे सव्वाशेच्या आसपास. लागला १२७ वेळा.

२१ फेब्रुवारी

अमळनेरचा दोस्त आला होता. मोसम संपता संपता भरिताची शेवटची पार्टी मळ्यात. काट्या पेटवून वांगी भाजली, बडगीत ठेचली, सोबत कळण्याची पुरी. मी मध्येच फोन काढून आकडे दाखवत बसलो: १२७ पैकी १०८ डाव जिंकलो. त्याने पुरी मोडता मोडता विचारलं, "मंग रडस काबरं?" मग खालची ओळ दाखवली. जिंकलेल्या १०८ डावांत समोरच्याचा पूर्ण ढीग मिळाला फक्त ९ वेळा. बहुतेक डावांत दहा-पंधरा ब्लाइंडवर समाधान.

त्याने फोन परत दिला. "पत्ता भारी उनात, पन पैसा कोठे उना?"

या वाक्यावर प्रकल्पाचं नाव ठेवावं असं क्षणभर वाटलं.

१ मार्च

१२७ डावांचे दोन ढीग केले. फ्लॉपपासून मी स्वतः पैसे लावत गेलो असे ४६. फ्लॉपला चेक केलं (काही न लावता फेरी सोडली) किंवा नुसतं कॉल करून (समोरच्याएवढेच टाकून) दबा धरला असे ८१. माझ्या स्वभावाचा पुरावाच मिळाला. लावलेल्या ढिगात दर डावाला सरासरी ३१ ब्लाइंड, दबा धरलेल्यात १२.

इथे लगेच निकाल लावायचा मोह होतो. पण दोन्ही ढीग सारखे नाहीत. समोरचा आधीच जोरात असेल तेव्हा मीही जोर केला असणार. शिवाय पानं दिसतात ती शेवटी उघडली तरच, फोल्ड केलेल्याकडे, म्हणजे पानं टाकून दिलेल्याकडे, काय होतं ते फाइलीत नसतं. त्यामुळे ३१ आणि १२ मधला सगळा फरक माझ्या दबा धरण्यावर टाकता येणार नाही. सरासरी बाजूला ठेवून एकेक डाव वाचायचं ठरवलं.

२ मार्च

हा डाव जसाच्या तसा उतरवतो, कारण असे बरेच आहेत.

माझ्याकडे दोन सत्त्या, मी बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलणारा. ₹३० केले, बिग ब्लाइंडने (₹१०वाल्याने) कॉल केलं. पॉट (मधली जमा) ₹६५, दोघांकडे ₹९७० शिल्लक. फ्लॉप: इस्पिक बादशहा, चौकट सत्ती, किलवर दुर्री. तीन रंग तीन पानांचे, फ्लश (एका रंगाची पाच पानं) किंवा स्ट्रेट (ओळीने पाच पानं) यांची भीती नाही. त्याने चेक केलं. मीही चेक केलं, गालात हसत असणार. टर्नला बदाम चव्वी. त्याने ₹४० लावले, मी नुसतं कॉल. पॉट ₹१४५. रिव्हरला नव्वी. त्याने चेक, मी ₹७०, "घाबरायला नको" म्हणून. त्याने कॉल केलं. दाखवली बादशहा-राणी.

फ्लॉपनंतर त्याच्याकडून मिळाले ₹११०. आता हाच डाव तीनही वेळा पॉटच्या दोन-तृतीयांश लावून पुन्हा मांडू. ₹४३, मग पॉट ₹१५१. ₹१००, मग पॉट ₹३५१. ₹२३४. बेरीज ₹३७७. बादशहा-राणीवाला तिसऱ्याला फोल्ड करेलही, पण पहिल्या दोनांना करणार नाही, आणि तेवढ्यातच ₹१४३ झाले. त्या दिवशी मी जिंकल्याच्या आनंदात चहा टाकला होता, हेही आठवतं.

८ मार्च

सबंध रविवार एका समीकरणावर गेला. वाया गेला नाही.

प्रश्न असा: पॉट ₹६५, मागे ₹९७०. सगळे पैसे आत न्यायचे तर दर फेरीला पॉटच्या किती पट लावावं लागेल? पॉटच्या 'ब' पट लावलं आणि समोरच्याने कॉल केलं की पॉट (१ + २ब) पट होतो. शेवटी पॉट व्हायला हवा ₹२,००५, म्हणजे जवळपास ३१ पट. तीन फेऱ्या असतील तर ३१चं घनमूळ, ३.१४. म्हणून ब = १.०७. दर फेरीला पॉटपेक्षा जरा जास्त. अवघड, पण माणूस लावू शकतो असा आकडा.

एक फेरी चेक करून घालवली, तर उरलेल्या दोन फेऱ्यांत ३१चं वर्गमूळ, साडेपाच. ब = २.२८. पॉटच्या सव्वादोन पट, दोन वेळा. दोन फेऱ्या घालवल्या तर शेवटच्या फेरीत पॉट ₹६५ आणि लावायचे ₹९७०, पंधरा पट. ते कोण कॉल करणार?

पॉट चक्रवाढीने वाढतो, हे मला तोंडपाठ होतं. पण चेक केलेली फेरी म्हणजे चक्रवाढीतलं एक वर्षच गेलं, हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. आणि गेलेलं वर्ष पहिलं का शेवटचं, याने फरक पडत नाही, तेवढाच गुणक जातो.

सव्वादोन पट लावणं अशक्य नसतं. २०१७च्या जानेवारीत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंशी एकास एक असे १,२०,००० डाव खेळून त्यांना हरवलं, आणि पॉटच्या कितीतरी पट लावण्याची त्याची सवय बघून ते खेळाडू चक्रावले होते. पण ते यंत्र भारी पानांवर जसं लावायचं तसंच रिकाम्या हातावरही लावायचं. मी ₹१०च्या टेबलावर एकदम सव्वादोन पट लावले असते, तर समोरच्याला फोल्ड करायला क्षणही लागला नसता.

१५ मार्च

सवय आली कुठून, ते आज कळलं. आखाजीच्या चटईवरून.

आमच्याकडे आखाजीला बायका-पोरी झोक्यावर, गौराईची गाणी, आणि पुरुष चटईवर पत्ते घेऊन. वर्षभर पत्त्याला हात न लावणारेसुद्धा त्या दोन दिवसांत बसतात. मी तीन पत्ती तिथेच शिकलो, मामाच्या मांडीला मांडी लावून. तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ४२५ डावांत एकदा येते. आली की मामाचा नियम: तोंड पाडून बसायचं, लहान-लहान चाल टाकायची, बाकीच्यांना वाढवू द्यायचं. आणि तो नियम तिथे बरोबरच आहे! कारण तीन पत्तीत चालींच्या फेऱ्यांना मर्यादा नाही. कोणी शो मागेपर्यंत किंवा पान टाकेपर्यंत चालत राहायचं. घाई कशाला? पाचवी फेरी नाही तर पंधरावी.

होल्डममध्ये फ्लॉपनंतर तीनच फेऱ्या. वेळ मोजून दिलेला. मी मामाचा तीन पत्तीचा शहाणपणा दुसऱ्याच खेळात वापरत होतो, दोन वर्षं, ८१ वेळा.

२२ मार्च

दबा धरण्याचा दुसरा खर्च: फुकट दिलेलं पान.

मांडणी: माझ्या दोन सत्त्या (इस्पिक आणि चौकट), फ्लॉप बदाम बादशहा, बदाम सत्ती, किलवर दुर्री. समोर बदाम एक्का-राणी, म्हणजे फ्लशला एक बदाम कमी. यासाठी मी मोठ्या थाटात माँटे कार्लो लिहिलं, लाखभर वेळा पत्ते पिसून. (ही पद्धत स्टॅनिस्लॉ उलामला १९४६मध्ये आजारपणात एकट्याने पेशन्सचे डाव लावता लावता सुचली, म्हणजे तीही पत्त्यांतूनच आलेली.) उत्तर दर वेळी थोडं हलत होतं. मग डोक्यात प्रकाश पडला. उरलेली पानं ४५, त्यांतून दोन यायची, शक्यता फक्त ९९०. सगळ्या मोजल्या की झालं, पिसायचंय कशाला. रन संपायला सेकंदही लागला नाही. लाखभर पिसण्याची फाइल डिलीट केली.

९९० पैकी २५३ वेळा तो जिंकतो. २५.६ टक्के. त्यातले २४४ बदामाचे, उरलेले ९ गुलाम-दश्शी येऊन स्ट्रेट लागण्याचे. चारात एकदा हरणार म्हटल्यावर दबा धरायला हरकत नाही, असं वाटू शकतं. पण प्रश्न हरण्याचा नाही, भावाचा आहे. पुढच्या एका पानावर त्याचा बदाम लागायची शक्यता ४५त ८, जवळपास १८ टक्के. (बदाम दुर्री आली तर माझं फुल हाऊस, म्हणजे तीन सारखी आणि दोन सारखी पानं, होतं आणि ते फ्लशच्या वर, म्हणून ती मोजायची नाही.) मी पॉटच्या दोन-तृतीयांश लावले, तर त्याला नुसतं बरोबरीत सुटायला २८.६ टक्के हवेत. म्हणजे तो कॉल करतो तेव्हा प्रत्येक वेळी मला काहीतरी देऊन जातो. आणि अशा पानांवर लोक कॉल करतातच, फोल्ड करत नाहीत. चेक केलं की तेच पान त्याला फुकट.

लागलाच तरी सगळं संपत नाही. टर्नला त्याचा फ्लश झाल्यावर माझ्या फुल हाऊस किंवा चौकडीसाठी ४४त १० पानं उरतात, २२.७ टक्के. हे लिहून ठेवतोय कारण असे तीन डाव मी टर्नलाच रागाने टाकून दिलेले सापडले.

संध्याकाळी वडिलांना हे सांगत होतो. ते ओसरीवर, मागच्या खोलीत अजून कापूस भरलेला. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून ठेवलाय, वजन मात्र सुकून घटतंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कापूस ठेवता येतो बाबा, केळी नाही. घड कापला की त्याच दिवशी गाडी भरायची." पोकर त्यांना येत नाही. कापसाचंही नेमकं काय होईल, ते मी विचारलं नाही.

२९ मार्च

तर मग कापूस कुठला, केळी कुठली? दबा धरणं कधी बरोबर?

मोजायची गोष्ट सापडली: समोरच्याकडे असण्यासारखी पानं उरलीत किती. फ्लॉप बादशहा-सत्ती-दुर्री. माझ्याकडे सत्त्या असतील तर बाहेर बादशहा ३, राण्या ४, बादशहा-राणी जमण्याचे प्रकार १२. माझ्याकडे बादशहाची जोडी असेल तर बाहेर बादशहा १, प्रकार ४. एक तृतीयांश! बादशहाचा सेट सत्तीच्या सेटपेक्षा वरचा, पण पैसे देऊ शकणारी पानं मीच दाबून बसलोय. तिथे एक फेरी थांबून समोरच्याला काहीतरी लागू देण्यात अर्थ आहे. सत्तीच्या सेटवर नाही. तीन रंगांचा, न जुळणारा फ्लॉप, वरचं पान माझ्याकडे, आणि समोरचा स्वतःहून लावणारा असेल, तर कापूस. बाकी केळी.

८१ डावांना ही चाळणी लावली. कापूस निघाले १४.

५ एप्रिल

४१ डिग्री. लॅपटॉपचा पंखा माझ्यापेक्षा जास्त ओरडतोय. रन पहाटे लावायला सुरुवात केली.

सेट बाजूला ठेवून एक्क्यांच्या जोडीकडे वळलो. फ्लॉपआधी दोन एक्के, समोर कोणतीही पानं. एक जण असेल तर ८५ टक्के, दोन ७३, तीन ६४, चार ५६, पाच ४९. सहाच्या टेबलावर सगळ्यांना आत येऊ दिलं, की जगातली सर्वांत भारी दोन पानं निम्म्याहून कमी वेळा जिंकतात. तरी १७९ पैकी २२ वेळा मी लिंप केलं होतं, फक्त ₹१० टाकून, मिशीला पीळ देत.

फ्लॉपआधी वाढवण्याचं दुसरं कारण ८ मार्चच्या समीकरणातच आहे. समोरच्याने ₹३० केले, मी ₹९० केले, त्याने कॉल केलं. ब्लाइंड धरून पॉट ₹१९५, मागे ₹९१०. सगळं आत न्यायला पॉट दहापट व्हायला हवा, ३१ पट नाही. दर फेरीला पॉटच्या ५९ टक्के पुरतात. अगदी साधी दिसणारी बेट (लावलेली रक्कम), कोणाची भुवई उंचावत नाही. एक फेरी चेक झालीच तरी उरलेल्या दोनांत पॉटच्या १.१ पट, तेही जमतं.

११ एप्रिल

हरलेले १९ सेट. यावर फार वेळ द्यायचा नव्हता, आणि दिला नाही. ११ मध्ये फुकट पान दिलेलं. २ मध्ये समोर मोठा सेट, तिथे कोणी काही करू शकत नाही, सगळे पैसे जायचेच. उरलेले ६ मात्र वेगळ्याच रोगाचे. चौथं बदाम पडलंय किंवा पानं ओळीने लागलीत, समोरचा कधी नव्हे ते रेझ करतोय (माझ्यावर वाढवून लावतोय), आणि मी "सेट आहे माझा" म्हणत कॉल. फ्लॉपला भारी असलेला सेट रिव्हरला भारी राहत नाही. याचं गणित नाही मांडलं. लाज वाटली, तेवढं पुरे.

१९ एप्रिल, आखाजी, अमळनेरजवळ मामाच्या गावी

सांजोऱ्या, आमरस, खापरावरचे मांडे, मग चटई. मी पैशांना नाही म्हटलं आणि तीन पत्तीऐवजी होल्डम शिकवतो म्हटलं. मामेभाऊ आढेवेढे घेत तयार झाले. पैशांऐवजी चिंचोके, प्रत्येकी शंभर. ब्लाइंड अर्धा फोडलेला आणि अख्खा.

तासाभरात मला हवा तो डाव आला. हातात दोन पंज्या. तीन चिंचोके केले, मामा आणि धाकटा मामेभाऊ आत. फ्लॉप राणी, पंजी, तिर्री, तीन रंगांचा. दोघांनी चेक केलं. पॉट साडेदहा. सगळा प्रकल्प डोळ्यांपुढून गेला. मोजून अकरा चिंचोके पुढे सरकवले.

मामेभावाने पानं टाकली. मामाने माझ्याकडे पाहिलं, चिंचोक्यांकडे पाहिलं, आणि राणी वर करून दाखवत पानं टाकली.

"राणी असून टाकली?" मी विचारलं.

"भाचा," मामा म्हणाला, "सकाळपासून तू एवढे चिंचोके पहिल्यांदा टाकले. मी काय आंधळा आहे?"

२१ एप्रिल, जळगाव

मुदत संपली होती, पण मामाच्या बोलण्यावर झोप लागेना. भारी पानं असतानाच मोठं लावत असेन, तर मोठं लावणं म्हणजे पानं उघडी करूनच दाखवणं. पॉटएवढी बेट लावली की समोरच्याला दोनास एक भाव मिळतो. त्याला खरोखर कोड्यात टाकायचं असेल तर अशा तीन बेटांत एक ब्लफ, म्हणजे रिकाम्या हातावरची, हवी. ८ मार्चच्या समीकरणात ही अर्धी बाजू मी धरलीच नव्हती.

पहाटे स्क्रिप्ट लावली. ४१,३१२ डाव, रिव्हरला पॉटएवढी किंवा त्याहून मोठी बेट, माझी. एकूण ३८. त्यांत ब्लफ २. दोन्ही डाव उघडून वाचले. दोन्हींत मी इस्पिकाचं पान किलवर समजून फ्लश लागला असं धरून चाललो होतो.